पिवळी पाटी, काळी पाटी

जपानमधील कोबे हे मोत्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र. या व्यापारानिमित्त तेथे गेलेल्या भारतीय कुटुंबांत जैन कुटुंबेही आहेत, आणि कितानो या चढणीवरच्या भागात १९८५ साली उभे राहिलेले संगमरवरी जिनालय आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, मध्ये चिंचोळ्या पट्टीत शहर. नव्याने राहावयास आलेल्या माणसाची नजर आधी १९८१ पासून चालकाविना धावणाऱ्या पोर्ट लायनरवर खिळते. टॅक्सीचा मागचा दरवाजा आपोआप उघडला की तो दचकतो. ही नवलाई महिन्याभरात ओसरते. मग त्याला गल्लीतून जाणारी ठेंगणी वाहने दिसू लागतात, आणि खरा बाजार तेथेच असल्याचे कळते.

या वर्गाला जपानी भाषेत ‘केई’, म्हणजे हलके, असे म्हणतात. त्याची मापे कायद्याने बांधलेली आहेत: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी. यापलीकडे पाऊल नाही. मोबदल्यात कर कमी. युद्धोत्तर काळात सामान्य माणसाच्या हाती चाके यावीत म्हणून १९४९ मध्ये हा वर्ग निर्माण झाला; पुढे इंजिनाची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १९९० मध्ये ६६० सीसीवर आली. मालवाहू केईवर ३५० किलोंपर्यंत माल चढवता येतो. आपल्याकडील वाचकांना ही वाहने अगदीच परकी वाटू नयेत. १९८४ मध्ये आलेली आणि पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेलेली मारुती व्हॅन ही सुझुकीच्या ‘कॅरी’ या केई गाडीचीच बहीण. कापडाचे तागे, तेलाचे डबे आणि लग्नाचे वऱ्हाड तिने सारख्याच निष्ठेने वाहिले.

पाहणाऱ्याने वाहनाच्या रंगापेक्षा पाटीचा रंग पाहावा. खासगी केईची पाटी पिवळी, अक्षरे काळी. भाडे घेऊन दुसऱ्याचा माल वाहणाऱ्या केईची पाटी काळी, अक्षरे पिवळी. मोठ्या वाहनांत खासगी पाटी पांढरी, तर धंद्याची हिरवी. भाड्याने चालवावयास घेतलेल्या मोटारीवर ‘वा’ हे जपानी अक्षर असते. मृत्यूच्या उच्चाराशी साम्य असल्यामुळे ज्यांचे शेवटचे दोन अंक ४२ आहेत असे क्रमांक मागितल्याशिवाय दिले जात नाहीत. शकुन-अपशकुन मानण्यात आपण एकटे नाही. चार दिवसांच्या सवयीने, समोरची गाडी कोणाची आणि कोणासाठी धावते हे पेढीवरची वही वाचावी तसे वाचता येते. २०१७ मध्ये रग्बी स्पर्धेनिमित्त केईलाही पांढरी पाटी घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा कित्येकांनी खेळाच्या प्रेमापेक्षा पिवळा रंग टळावा म्हणूनच ती घेतली. गाडी लहान असल्याचे लोकांना कळू नये, ही हौस मात्र समजण्यासारखी असली तरी कौतुकास्पद नाही.

काळ्या पाटीमागे संसार उभे आहेत. मोठ्या ट्रकांचा वाहतूक व्यवसाय करावयाचा तर निदान पाच वाहने लागतात. केईसाठी एक पुरे, आणि परवान्याऐवजी सरकारकडे नोंद केली की भागते. तुटपुंज्या भांडवलावर स्वतःच्या नावाने धंदा करू पाहणाऱ्यास हा दरवाजा मोठा आहे. ‘अकाबो’, म्हणजे लाल टोपी, या नावाने अशा एकेका गाडीच्या मालकांनी सहकारी संघ बांधले आहेत. गाडी ज्याची त्याची, नाव सर्वांचे. परंतु घरोघरी पार्सले पोहोचवण्याचे काम वाढले तशी याची दुसरी बाजूही दिसली. मोबदला बहुधा पार्सलागणिक. मालक तोच, चालक तोच, हमालही तोच. त्याने अंथरूण धरले की उत्पन्न थांबते. या गाड्यांचे गंभीर अपघात वाढल्यामुळे एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची जबाबदारी घेणारा प्रशिक्षित माणूस नेमणे बंधनकारक झाले. एकट्याच्या धंद्यात तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा स्वतः चालकच.

पिवळ्या पाटीची दुनिया शहराबाहेर आहे. जपानी खेड्यांत तरुण उरले नाहीत, बाजारपेठांतील दुकानांची शटरे एकामागून एक खाली आली, आणि वयोवृद्ध शेतकऱ्याच्या दारी मात्र पांढरा केई ट्रक उभा राहिला. शेताच्या बांधावरून जाईल एवढीच त्याची रुंदी. होन्शू बेटाच्या उत्तरेकडील इवाते प्रांतात शिझुकुइशी हे गाव आहे. तेथे २००५ मध्ये एक साधी युक्ती निघाली: बाजारपेठेचा रस्ता ठरावीक रविवारी वाहतुकीस बंद करावयाचा आणि दुतर्फा केई ट्रक ओळीने उभे करावयाचे. हौद हेच दुकान. भाजी, फळे, लोणची, रोपे, हातचे पदार्थ. अशा ‘केई-तोरा इची’, म्हणजे केई ट्रकांच्या बाजाराचे, अनुकरण पुढे देशभर झाले.

त्यात दुकानदारीचे गणित सरळ आहे. पागडी नाही, फर्निचर नाही, रात्रीची राखण नाही. प्रत्येकाच्या ट्रकचा हौद जवळजवळ सारखाच, त्यामुळे मोठ्या दुकानाने लहान दुकान झाकण्याचा प्रश्न नाही. गिऱ्हाईक माल पाहते आणि विकणाऱ्याचा चेहरा पाहते. सकाळी हौदाच्या फळ्या खाली पाडल्या की दुकान उघडते. बाजार उठला की फळ्या वर, कड्या घट्ट, आणि उरलेला मुळा घेऊन आजोबा बांधावरच्या वाटेने घरी.