किल्ली एकाच भावाकडे

‘फॉरमॅट करून टाका, नव्यासारखा होईल!’ आमच्या विभागाचा संगणक गेल्या पावसाळ्यात बंद पडला, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी हा सल्ला दिला. आम्ही पडलो कलाशाखेचे, जवळजवळ मानलाही. त्या संगणकात दोन वर्षे गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या गाणाऱ्या आजींपैकी दोघी आज हयात नाहीत. यंत्रापुढे आपण फार लवकर हात जोडतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मित्रहो, त्या संगणकात लिनक्स आहे आणि दोन हार्ड डिस्क. एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटते. या मांडणीला ‘रेड-१’ म्हणतात. पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधामुळे ‘रेड’ हे नाव रूढ झाले. एक गेली तरी दुसरी आहेच, म्हणून आम्ही निर्धास्त. एके दिवशी वीज गेली, आली, आणि पडद्यावर एकच ओळ: सुरू होण्याजोगी डिस्क नाही.

मग दुसरी काय करीत होती? तिच्यात सारे शाबूत होते. नव्हता तो फक्त ‘ग्रब’. लिनक्सला उठवणारा हा प्रोग्रॅम आमच्या जुन्या संगणकात डिस्कच्या अगदी आरंभी बसतो, आणि जोडी जुळवली होती ती त्यापुढच्या भागांची. घर दोघा भावांच्या नावावर, किल्ली मात्र थोरल्याच्या खिशात!

एका वर्गमित्राने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, ‘एमडीएडीएम’ने उरलेली अर्धी जोडी उभी केली, आधी ओव्या बाहेर काढल्या (हा क्रम महत्त्वाचा) आणि मग दुसऱ्या डिस्कवर ग्रब बसवला. लाजिरवाणी गोष्ट पुढेच कळली. पहिली डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच गेल्याची नोंद यंत्रात होती. ‘एमडीस्टॅट’ या फाइलीत दोन ‘यू’ दिसायला हवेत. एकाच्या जागी रेघ आली होती. पाहिले कुणी?

शिवाय हा आरसा आहे, राखीव प्रत नव्हे. चुकून ओवी पुसली, तर दोन्हीकडची पुसली जाते. तेव्हा निराळी प्रत ग्रंथालयाच्या कपाटात हवीच. आणि दर सत्रारंभी, संगणक बंद करून, पहिली डिस्क सोडवून तो दुसरीवर उठतो का हे पाहावे. जोडी पुन्हा पूर्ण जुळू द्यावी, मगच दुसरी सोडवावी. अर्थात त्याला आधी दोन डिस्क हव्यात. नवीसाठी केलेला अर्ज अजून कार्यालयातच आहे.