शिक्का दिल्लीचा, नोंद तालुक्याची



आमच्या सत्तरीतली मुले आता पोर्तुगाल, ओमान, कॅनडा अशी दूरदूर जातात. नोकरीचे पत्र येते आणि पाठोपाठ घरात एक नवा शब्द शिरतो, अपोस्टिल. मग आईवडील गोंधळून एजंटाकडे धावतात. म्हणून हे काय प्रकरण आहे ते जरा समजून घेऊया.

५ ऑक्टोबर १९६१ चा हा हेग करार. त्यातल्या देशांनी एकमेकांचे सरकारी दाखले एका शिक्क्यावर मान्य करायचे, वकिलातीची फेरी नको. भारतात तो २००५ पासून लागू आहे, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. दुबई, कुवेत, कतार मात्र त्यात नाहीत. तिथे वकिलातीचा शिक्का लागतोच.

पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दाखल्यावरची सही व मोहर खरी आणि सही करणारा त्या हुद्द्यावर होता, एवढेच अपोस्टिल सांगते. आतला मजकूर बरोबर आहे की नाही, ते सांगत नाही. जन्मदाखल्यावर फर्नांडिसच्या शेवटी एस आणि पासपोर्टवर झेड असेल, तर शिक्का मारूनही तो घोळ तसाच राहतो! शेजारच्या गावकरांचेही तेच, कागदागणिक स्पेलिंग वेगळे. शिवाय बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या कामाला चालतो, पण तो सरकारी दाखला नव्हे. जन्मनोंदणीचाच काढावा लागतो.

परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदामागे ५० रुपये. एजन्सीचा आकार वेगळा. त्याआधी राज्याच्या खात्याची खातरजमा हवी. आणि त्याच्याही आधी नाव चुकले असेल तर दुरुस्ती. माणूस अडकतो तो इथे, या पहिल्या पायरीवर. व्हिसाची तारीख कुणासाठी थांबत नाही, हाती आलेली नोकरी जाते.

म्हणून वाळपईत महिन्यातून एक दिवस नावदुरुस्ती आणि राज्याची खातरजमा एकाच जागी व्हावी. पंचायतींनी ही मागणी लावून धरावी. पालकांनीही मूल दहावीला बसण्याआधी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघावे. बोर्डाचे प्रमाणपत्र छापून आले, की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते.

– एक निवृत्त शिक्षक, वाळपई