गिऱ्हाइकाचे मन आणि व्यवस्थापकाचा हट्ट

धंदा बसू लागला की "लोकांची अभिरुचीच बिघडली" असा निकाल देणारे व्यवस्थापक आपल्याकडे पुष्कळ आढळतात. आम्ही शाळामास्तर होतो तेव्हा निम्मा वर्ग नापास झाला की मुलांना मठ्ठ ठरवून मोकळे होणारे शिक्षक असत. एकदोन वेळा आम्हीही त्यांत होतो, हे कबूल केलेले बरे.

या संदर्भात टायटन कंपनीचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. 1984 साली ती निघाली तेव्हा घड्याळ म्हणजे एच. एम. टी., असे समीकरण होते. घड्याळ आता केवळ वेळ पाहण्याचे साधन राहिले नसून मिरविण्याची आणि भेट देण्याची वस्तू झाले आहे, हे झर्क्सिस देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले आणि बाजार जिंकला. परंतु पुढे 'तनिष्क'च्या रूपाने हीच मंडळी दागिन्यांकडे वळली, तेव्हा ती सपशेल चुकली! पाश्चात्त्य घडणीचे अठरा कॅरटचे नाजूक दागिने त्यांनी मांडले. आपल्या गृहिणीने ते पाहिले, वाखाणले आणि ती बावीस कॅरटच्या सोन्यासाठी आपल्या सराफाकडे गेली. तिच्या लेखी सोने हे भूषण खरे, पण त्याआधी ती अडीअडचणीची शिल्लक होती. तोटा होत राहिला. तरीही तिला आधुनिकतेचे धडे देत न बसता व्यवस्थापकांनी स्वतःचाच हट्ट सोडला. बावीस कॅरटचे दागिने आणले. एवढेच नव्हे, तर सोन्याचा कस काही मिनिटांत सांगणारे यंत्र दुकानात ठेवले. पिढीजात विश्वासाने घेतलेले आपले सोने सांगितल्यापेक्षा हिणकस असल्याचे कित्येकींना तेथे प्रथमच कळले. तिची जी शंका तिने कधी बोलून दाखविली नव्हती, ती ओळखणे यालाच आम्ही व्यवस्थापन म्हणतो.

एच. एम. टी.ने 1961 पासून मध्यमवर्गाच्या मनगटावर घड्याळ बांधले, हे ऋण आम्ही विसरत नाही. सरकारी मालकीच्या बेड्या तिच्या पायांत होत्या, हेही मान्य. पण क्वार्ट्झचे तंत्र हाताशी असताना तिचा भर चावीच्या घड्याळांवरच राहिला, याचे खापर केवळ त्या बेड्यांवर फोडता येणार नाही. 2016 साली केंद्र सरकारने तिची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या हट्टापायी हे घडले, ते अधिकारी बहुधा केव्हाच निवृत्त झाले असतील. स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले ते उरलेल्या कामगारांच्या हाती.