सुनावणीस गैरहजर असलेला इसम

युनायटेड किंग्डमचे गृहमंत्री यांस,



आमच्या मुंबईचे जुने इंग्रजी नाव पाटीवर मिरवणाऱ्या, पण बहुधा सिल्हेटकडच्या मेहनती मंडळींनी उभारलेल्या ज्या उपाहारगृहांनी या देशाला करीची चटक लावली, त्यांच्या मुदपाकखान्यांसंबंधी हे जाहीर पत्र आहे. मात्र त्यातील तक्रार त्या मंडळींविरुद्ध नसून आपल्या खात्याविरुद्ध आहे, हे आरंभीच नमूद करणे बरे.

दारूचा परवाना म्हटला की आम्हां मराठी लोकांना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आठवतो, ज्यात विकणाऱ्याप्रमाणे पिणाऱ्यालाही परवाना लागतो. इंग्लंड-वेल्सच्या २००३ च्या कायद्यात पिणाऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही. परवाना जागेसाठी दिला जातो, आणि तो ज्या चार उद्दिष्टांनी बांधलेला असतो त्यांतील एक गुन्ह्यांना प्रतिबंध हे असल्यामुळे, बाहेर मेजावर येणारा बिअरचा पेला आणि आत भांडी घासणाऱ्या माणसाची, या देशात काम करण्याची परवानगी दाखविणारी कागदपत्रे यांचा संबंध जोडला गेला आहे. ६ एप्रिल २०१७ पासून परवान्याच्या फेरविचाराचा अर्ज करण्याचा अधिकार आपल्या खात्यास मिळाला, आणि आपल्या अंमलदारांना अशा जागेत वॉरंटावाचून प्रवेश करण्याची मुभाही मिळाली.

ही जोडणी मला गैर वाटत नाही. लिंकनशरमधील ईस्ट लिंडसेच्या प्रकरणात, मालकावर फौजदारी खटला झाला नव्हता एवढ्या सबबीवर परवाना वाचू शकत नाही, आणि कमी मजुरीवर, रोखीने, हिशेबाचे दफ्तर न ठेवता माणूस राबविणे हा असहायाचा गैरफायदा असून इतरांना जरब बसविण्याचा विचारही परवाना काढून घेताना करता येतो, असा जो निर्णय उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला, तो मला सर्वथैव न्याय्य वाटतो.

परंतु ज्याचा गैरफायदा घेतला गेला म्हणून हा सारा खटाटोप, तो इसम फेरविचाराच्या सुनावणीत कोठे असतो? तीन नगरसेवकांची उपसमिती बसते. आपले अंमलदार छाप्याचा वृत्तांत सादर करतात. आणि मालकाचे वकील, सापडलेला मनुष्य त्या दिवशी केवळ चाचणीसाठी आला होता, किंवा मित्राला भेटायला आला असता सहज हात लावीत होता, अशी कैफियत मांडतात, जी ऐकताना उपसमितीलाही हसू आवरणे कठीण जात असावे. मालकाला आधी अठ्ठावीस दिवसांची मुदत मिळते, निकालानंतर अपिलासाठी एकवीस दिवस मिळतात, आणि अपील निकालात निघेपर्यंत परवाना रद्द करण्याचा हुकूम अमलात येत नाही. मधल्या काळात तोच परवाना भावाच्या वा पत्नीच्या नावे करण्याचा अर्जही दाखल होऊ शकतो. मजुराला मात्र छाप्याच्याच दिवशी अटकेत घेता येते, आणि उपसमिती बसेपर्यंत तो या देशात असेलच, असे सांगता येत नाही.

राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यात तो काम करीत होता, हा त्याचा जबाब तेवढा मागे उरतो. त्या जबाबावर परवाना जातो, पण त्याच्या पदरात काही पडत नाही. २०१६ च्या आपल्याच कायद्याने त्याचे परवानगीवाचून काम करणे हा गुन्हा ठरवून त्याची मजुरी जप्तीस पात्र केली आहे. मालकाला होणारा दिवाणी दंड फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या खेपेस दर मजुरामागे ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास ६०,००० पौंडांपर्यंत वाढविण्यात आला, तोही सरकारच्या तिजोरीत जमा होतो. ज्याची मजुरी बुडाली, त्याच्या श्रमांवर प्रथम मालकाने आणि मग सरकारने कमवावे, या व्यवस्थेला शोषणाचा प्रतिबंध हे नाव देताना आपल्या खात्याच्या लेखणीने थोडे अडखळायला हवे होते. मालकालाही हे गणित पुरते ठाऊक असते: तक्रार केलीस तर पहिला तूच पकडला जाशील, एवढे वाक्य त्याला पुरते.

म्हणून माझे मागणे असे की, आपल्या खात्याच्या प्रत्येक फेरविचार-अर्जात सापडलेल्या माणसांच्या संख्येबरोबर त्यांच्या कामाचे तास, निजण्याची जागा आणि थकलेल्या मजुरीचा तपशील द्यावा. मजुराचा जबाब छापा घालणाऱ्या अंमलदाराने न घेता, दुभाष्यासह, एखाद्या त्रयस्थाने घ्यावा. दंडातून प्रथम ती मजुरी चुकती व्हावी, मग उरलेली रक्कम तिजोरीत जावी. आणि हे होईपर्यंत त्या माणसाला देशाबाहेर धाडू नये. यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, हे मी जाणतो. दंडाची रक्कम वाढविण्याची निकड वाटली तेव्हा आपल्या खात्याने ती वाढविली, तेव्हा याही कामाला सवड काढणे अशक्य नसावे.

कळावे,
आपला,
इंग्लंडवासी एक मराठी करदाता