खेळाचें शुद्धिपत्र

ग्रंथ छापून झाल्यावर त्यांत राहिलेल्या चुकांची यादी शेवटीं जोडण्याची चाल जुनी आहे. तिला आपण शुद्धिपत्र म्हणतों. हल्लीं संगणकी खेळांचेंही तसेंच झालें आहे. खेळ आधीं बाहेर पडतो, त्याचें शुद्धिपत्र मागाहून निघतें. मुलें त्यासच ‘अपडेट’ म्हणतात. सामान्यतः हें शुद्धिपत्र यंत्र आपण होऊनच कंपनीच्या भांडारांतून उतरवून घेतें. तथापि तें हातानें बसविण्याचा प्रसंगही येतो, आणि त्यावरून घरांत वादही होतात.

अकोलें तालुक्यांतील राजूरच्या एका एकत्र कुटुंबांत असाच वाद चालू असल्याचें तेथील आजोबांनीं कळविलें आहे. नातवाजवळ सोनी कंपनीचें ‘व्हिटा’ हें हातांत धरून खेळावयाचें यंत्र आहे. पुण्याच्या चुलतभावानें तें त्यास ‘मोकळें’ करून दिलें. आतां नातू संगणकावरून फाइली आणून यंत्रांत भरीत असतो. काका म्हणतात, ही चोरी आहे, यंत्र काढून घ्या. आजी म्हणते, पोर कांहीं शिकतो आहे, शिकूं द्या. आजोबांस निवाडा द्यावयाचा आहे.

प्रथम, ही आडवाट कां धरावी लागते तें पाहूं. व्हिटा जपानांत डिसेंबर २०११ मध्यें विक्रीस आलें व २०१९ मध्यें त्याचें उत्पादन थांबलें. मार्च २०२१ मध्यें सोनीनें त्याचें भांडारही मिटविण्याचें जाहीर केलें. गिऱ्हाइकांनीं ओरड केल्यावर एप्रिलांत तो बेत सोडला. पीएसपी या त्याच्या आधींच्या यंत्राचें भांडार मात्र त्याच वर्षीं जुलैंत बंद झालें. निंटेंडो कंपनीनें ‘थ्रीडीएस’ यंत्राच्या भांडारांतील विक्री २७ मार्च २०२३ रोजीं थांबविली. यंत्र आपल्या हातांत, परंतु त्याचें दुकान दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी ही स्थिति आहे.

२०१६ मध्यें कांहीं हौशी तंत्रज्ञांनीं ‘हेनकाकु’ नांवाची युक्ति प्रसिद्ध केली. तिच्या योगें व्हिटावर कंपनीच्या परवानगीवांचून लिहिलेले कार्यक्रमही चालूं लागले. ही युक्ति ३.६० या क्रमांकाच्या प्रणालीसाठीं होती. पुढील प्रणालींत कंपनीनें ती वाट बुजविली. म्हणून पुष्कळ लोक यंत्र मुद्दाम जुन्याच प्रणालीवर ठेवतात. उलटपक्षीं, प्रणाली नवी असल्यावांचून भांडार दार उघडीत नाहीं. या कोंडींतून हातानें शुद्धिपत्र बसविण्याचा उद्योग निघाला.

तो करतांना चार गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली आवृत्तीची. प्रत्येक खेळास चार रोमन अक्षरें व पांच अंक असा क्रमांक असतो. अक्षरांवरून प्रदेश कळतो: ‘पीसीएसई’ अमेरिकेचा, ‘पीसीएसबी’ युरोपचा, ‘पीसीएसजी’ जपानचा. अमेरिकेच्या प्रतीस युरोपचें शुद्धिपत्र लागत नाहीं, मग खेळाचें नांव एकच कां असेना. दुसरी गोष्ट प्रणालीची. एकादें शुद्धिपत्र यंत्रावर आहे त्याहून नवी प्रणाली मागतें. तसें असल्यास तें बसतें पण खेळ उघडत नाहीं. तिसरी गोष्ट जागेची. व्हिटामध्यें मूळ खेळ ‘ॲप’ या फोल्डरांत व शुद्धिपत्र ‘पॅच’ या निराळ्या फोल्डरांत राहतें. मूळ प्रतीस हात न लावतां शुद्धिपत्र काढून टाकतां येतें, ही सोय मोठी आहे. चौथी गोष्ट खेळाच्या नोंदीची. मुलानें महिना महिना खेळून जेथवर मजल मारलेली असते, ती नोंद आधीं संगणकावर उतरवून ठेवावी. नव्या आवृत्तींत केलेली नोंद जुनीस वाचतां येईलच असें नाहीं. भावंडांत एकच यंत्र असेल तर या एका सावधगिरीनें रडारड वांचते.

राजूरसारख्या भंडारदऱ्याच्या वाटेवरील गांवीं पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, हेंही ध्यानांत असावें. खेळाचें शुद्धिपत्र अर्धवट राहिलें तर तें पुन्हां घालतां येतें; यंत्राची प्रणाली बदलतांना मध्येंच बंद पडली तर यंत्रच कायमचें निकामी होण्याचें भय असतें. यास्तव बॅटरी पूर्ण भरल्याखेरीज त्या कामास हात घालूं नये. शिवाय फाइल कोणाकडून आली तें पाहावें. राजूरला डांगी जनावरांचें प्रदर्शन भरतें. तेथें दांत व खूर पाहिल्यावांचून कोणी बैल घेत नाहीं. अनोळखी ठिकाणची फाइल मात्र आपण डोळे मिटून घेतों.

आतां चोरीचा प्रश्न. हातानें भरणें हेंच पाप असतें, तर पीएसपीची नवी प्रणाली मेमरी कार्डावरील ‘अपडेट’ फोल्डरांत ठेवून चढविण्याची रीत सोनीनें स्वतःच सांगितली नसती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाचा कार्यक्रम वाङ्मयकृतींत गणला आहे, आणि ज्याच्याजवळ त्याची प्रत रीतसर आली आहे त्यास नाशापासून बचाव म्हणून दुसरी प्रत करण्याची मुभा आहे. उलट, २०१२ च्या दुरुस्तीनें कलम ६५-अ घातलें. हक्कभंग करण्याच्या हेतूनें जो कुलूप फोडील त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. म्हणजे कायदाही कुलपाबरोबर हेतु विचारतो.

तेव्हां आजोबांनीं यंत्र काढून घेऊं नये आणि डोळेझांकही करूं नये. नातवास जवळ बसवून, ज्या खेळाचें शुद्धिपत्र तो भरतो आहे त्याचें विकत घेतलेलें कार्ड किंवा पावती दाखविण्यास सांगावें. ती असेल तर तो आपल्याच वस्तूची डागडुजी करीत आहे. काकांनीं राग सोडावा. ती नसेल तर खेळ रचणाऱ्या माणसांची मजुरी बुडत आहे, व त्याचें कसब कितीही वाखाणण्याजोगें असलें तरी आजीनें त्याची कड घेऊं नये. असा खेळ यंत्रांतून काढून टाकावा, आणि तोच हवा असेल तर घरच्यांनीं वर्गणी करून जुन्या बाजारांतून त्याचें कार्ड घेऊन द्यावें. मुलास ही पावती मागण्याची संवय घरांत लागली, तर ती त्यास पुढें व्यवहारांतही उपयोगी पडेल.