नाच दिसत नाही तेव्हा

जयपूर म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात आधी गाण्याचं घराणं येतं. वाढलं मात्र ते कोल्हापुरात आणि मुंबईत. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिला, पुढे केसरबाई आणि मोगूबाईंनी ते नाव गाजवलं. खुद्द जयपुरात आज कोण गातं, याची चौकशी आपण फारशी करत नाही. तिथे गुलाबो सपेरा राहतात. त्यांना घराणं नाही, आणि त्या गातात हे जयपूरकरांनाही चटकन आठवत नाही.

कारण त्यांचा नाच. १९८१ साली पुष्करच्या मेळ्यात राजस्थान पर्यटन खात्याच्या मंडळींनी गारुड्यांच्या कालबेलिया जमातीतल्या या मुलीला नाचताना पाहिलं, १९८५ मध्ये ती वॉशिंग्टनच्या भारत महोत्सवात नाचली, २०१६ साली पद्मश्री मिळाली तीही लोकनृत्यासाठी. मुलगी झाली म्हणून जन्मल्याबरोबर जिवंत पुरलं होतं आणि मावशीनं उकरून काढलं, ही त्यांनीच अनेकदा सांगितलेली हकीकत. त्यांच्यावरचा लेख बहुधा तिथूनच सुरू होतो आणि गाण्याचं नाव न काढता संपतो.

म्हणून ‘राखी’बद्दल लिहायचं आहे. हा अल्बम २००२ साली फ्रान्समध्ये निघाला, गुलाबोबाई आणि तिती रोबँ यांचा. रोबँ पश्चिम फ्रान्सचा, आपला आपणच शिकलेला वादक. गिटार, उद आणि बुझूक वाजवतो. फ्लामेंको गायक कामारोन आणि इराकी उदवादक मुनीर बशीर ही त्याची दैवतं. दोघं नव्वदच्या दशकापासून एकत्र कार्यक्रम करत आले होते.

प्रयोग म्हटलं की आपण बिचकतो, आणि ते रास्तच आहे. लोकगायक पकडायचा, त्याच्याखाली सिंथेसायझरची गादी अंथरायची, मागून ड्रमचा ठोका द्यायचा, झालं फ्यूजन. रोबँ हे करत नाही. तो बाईंच्या ओळीला लगटून वाजवतो, कधी तिच्याआधी पोचतो, कधी मुद्दाम मागे रेंगाळतो.

आणि बाईंचा आवाज? तो ‘तयार’ नाही, रियाजानं गोल झालेला नाही. उघड्या माळावर पुंगी आणि खंजरीच्या वर जाणं ही त्याची शाळा. थोडा नाकातून येणारा, कडेला खरखरीत. ओळ संपताना आपण सवयीनं षड्जावरच्या विसाव्याची वाट पाहतो. बाई सूर तिथेच टाकतात आणि पुढच्या ओळीला हात घालतात. मागे मोकळी राहिलेली जागा भरून काढायची रोबँला घाई नसते. मला तर त्याचं सगळं शहाणपण तिथे दिसतं. ‘मूळ चाल बिघडवली’ ही ठरलेली तक्रारही इथे चालत नाही. कालबेलियांची गाणी बरेचदा म्हणता म्हणताच रचली जातात. २०१० साली युनेस्कोनं त्यांच्या कलेला वारसा यादीत घेतलं तेव्हा याचीही नोंद केली.

सगळंच जमलंय असं नाही. काही ठिकाणी वाद्यांचं काम फारच देखणं होतं, आणि बाई त्यात उपऱ्या वाटतात. शिवाय अशा अल्बमांना चिकटवलेली ती गोष्ट असतेच: युरोपातले जिप्सी मूळचे इकडचे, आता हजार वर्षांनी भावंडं भेटली! भाषेचा पुरावा जिप्सींचं मूळ भारतात दाखवतो, पण ते भेटीचं कथानक मला जाहिरातीचं वाटतं. आपल्याला इतकं लांब जायलाच नको. कालबेलिये कानिफनाथांना मानतात. त्याच कानिफनाथांची यात्रा रंगपंचमीला पाथर्डी तालुक्यात मढीला भरते, भटके-विमुक्त कुठून कुठून येतात. नाथपंथी डवरी गोसाव्याचं गाणं ज्यानं जवळून ऐकलंय, त्याला हा आवाज परका वाटू नये.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कालबेलियांचा सापांचा धंदा गेला आणि पुढे पोट नाचावर आलं. हॉटेलांच्या अंगणात संध्याकाळी काळा घागरा गरगरतो, नाचणारी मागे वाकून पापण्यांनी अंगठी उचलते, सगळे मोबाइल वर होतात. ढोलकाशेजारी बसून कोण गातंय, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. आपल्या फडावर काय वेगळं होतं? बैठकीची लावणी होती म्हणून यमुनाबाई वाईकरांचा गळा लोकांच्या कानांत शिरला. गुलाबोबाईंच्या बाबतीत ते काम या ध्वनिमुद्रणानं केलं. सीडीत घागराच नाही, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

नुसतं बाईंचं नाव शोधलंत तर आधी नाचाच्या चित्रफितीच समोर येतील. त्याही बघा, नाच आहेच तसा. पण मग रोबँचं नाव जोडून ‘राखी’ शोधा, आणि पहिल्या दोन मिनिटांत आवाज टोचला तर लगेच बंद करू नका. टोचणारच तो.