छायाचित्राचा खरेपणा

टिपलेल्या छायाचित्रावर संगणकाच्या साहाय्याने संस्कार करावेत की करू नयेत, हा हौशी छायाचित्रकारांचा जुना वाद आहे. कॅमेऱ्याने दिले तेच खरे, त्यावर हात फिरवणे ही लबाडी, असे म्हणणारे थोडे नाहीत. हे मत ऐकावयास मोठे प्रामाणिक वाटते. परंतु कॅमेरा कसा पाहतो याचा विचार त्यात नाही.

झाडाखालची सावली आणि वरचे लखलखीत आकाश ही दोन्ही मनुष्याच्या डोळ्याला एका दमात दिसतात. कॅमेऱ्याला ते साधत नाही. सावली सांभाळावी तर आकाश पांढरेफटक पडते. आकाश सांभाळावे तर झाडाखाली बसलेली आजी काळोखात बुडते. शिवाय डिजिटल कॅमेरा नेहमीच्या जेपेग पद्धतीने चित्र साठवतो, तेव्हा प्रत्येक मूळ रंगाच्या अवघ्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीची माहिती टाकून देतो. काय ठेवावयाचे हे यंत्रच ठरवते. म्हणजे संस्कार झालेलाच असतो. फक्त तो दुसऱ्याने केलेला असतो! उलट १४ बिटांच्या ‘रॉ’ चित्रात १६,३८४ पायऱ्या असू शकतात. त्यांतून आजीचा चेहरा हलक्या हाताने उजळला, तर डोळ्यांनी पाहिलेलेच परत मिळते.

ही रीत संगणकाने आणली असेही नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एकाच निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक वर्षे अंधाऱ्या खोलीत प्रती काढीत राहिले, आणि आकाश अधिकाधिक काळे करीत गेले. पहिल्या प्रतींतील पुसट ढग नंतरच्या प्रतींत जवळजवळ दिसत नाहीत. हे जरा अतीच झाले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. तरी चंद्र, घरे व स्मशानातील क्रूस जागच्या जागीच राहिले.

१९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने मात्र ही मर्यादा ओलांडली. गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे चित्र उभ्या मुखपृष्ठात मावेना, म्हणून संगणकाने एक पिरॅमिड दुसऱ्याजवळ सरकवण्यात आला. हजारो वर्षे न हललेली वास्तू कागदावर हलली, आणि त्यावर बरीच टीका झाली. त्या काळी अशा करामतीस खर्चिक यंत्रे लागत. आज खिशातल्या फोनवर बोट फिरवले की नको असलेला माणूस चित्रातून नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी भिंतही आपोआप भरली जाते.

रायगडाच्या चित्रातून रज्जुमार्गाची तार पुसणाऱ्याला सौंदर्याचीच ओढ असते, यात शंका नाही. परंतु तो रज्जुमार्ग १९९६ पासून तेथे आहे. पन्नास वर्षांनी त्याचाच नातू ते चित्र हाती घेऊन विचारील, “आजोबा गडावर गेले, तेव्हा वर जाण्यासाठी पायऱ्याच होत्या का?” आणि घरात त्या दिवसाचे दुसरे चित्र नसेल.